पाकळीचा ल

मोबाइलवर ‘तुडील’ असं टाइप करा. महाड तालुक्यातलं हे गाव पडद्यावर तीन अक्षरांत उमटतं. फोनच्या पोटात मात्र असतात पाच आकडे: २३४०, २३६९, २३३७, २३६८, २३५४. म्हणजे त, उकार, ड, दीर्घ वेलांटी आणि ल. युनिकोड या जगभर चालणाऱ्या यादीतले हे त्यांचे क्रमांक. त्यांत ना वळण, ना जाडी, ना शिरोरेषा!

अक्षराला देह देतो फॉन्ट. या देहाला टाइप घडवणारे ‘ग्लिफ’ म्हणतात. सलग दिसणारी शिरोरेषा खरं तर कुणी ओढतच नाही. प्रत्येक ग्लिफ आपला तुकडा डोक्यावर घेऊन येतो आणि हे तुकडे आगगाडीच्या डब्यांसारखे एकमेकांना जोडले जातात. म्हणून इंग्रजी जाहिरातीत शोभणारं ‘लेटर स्पेसिंग’, म्हणजे अक्षरांमधलं अंतर सरसकट वाढवणं, देवनागरीत घात करतं. रेषा जागोजागी तुटते. (महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत ब्राह्मी शिलालेख आहेत. तिथे ही अडचण नव्हती, कारण ब्राह्मीला शिरोरेषाच नाही.) ‘कर्निंग’ वेगळं. त्यात एखाद्याच जोडीतलं अंतर डोळ्याला बरं दिसेल असं कमीजास्त करतात.

आता ‘शिवथर’ लिहा. ऱ्हस्व वेलांटी दिसते श च्या आधी, पण साठवलेली असते श नंतर, आपण उच्चारतो त्याच क्रमाने. दाखवण्याच्या क्षणी ‘शेपिंग इंजिन’ नावाची आज्ञावली तिला उचलून श च्या आधी ठेवते. क्ष तर तीन क्रमांकांचा: क, हलन्त, ष. तिघांचा मिळून एक ग्लिफ होतो, तो ‘लिगेचर’. जावजी दादाजींनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्या शिशाच्या काळात असल्या जोडाक्षरांसाठी वेगळे खिळे पाडावे लागत. देवनागरीची केस, म्हणजे खिळ्यांची पेटी, भरगच्च असे ती त्यामुळेच.

पण खरी गंमत आहे तुडीलच्या शेवटच्या अक्षरात. हिंदीचा ल दांडीचा, आपला दोन पाकळ्यांचा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही ल चा क्रमांक एकच, २३५४. मग फोनला कळावं कसं? चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार दडलेले असतात. मजकुरावर ‘भाषा: मराठी’ अशी अदृश्य खूण असेल तर फॉन्ट आपला ल पुढे करतो. खूण नसेल तर बहुतेक वेळा दांडीचाच ल येतो. ‘टिरो देवनागरी’ फॉन्टच्या कर्त्यांनी हा प्रश्नच ठेवला नाही. हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच काढले. मला हा उपाय जास्त सरळ वाटतो.

तेव्हा गावाची पाटी, लग्नपत्रिका किंवा शाळेचं संकेतस्थळ करताना मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा, आणि छापायला देण्याआधी ल आणि श तेवढे तपासून घ्या.