मालधक्क्याचे कार्यालय : पॅरिसमधील एक वास्तुरूपांतर

जुन्या वास्तूला नवा उपयोग देताना तो तिच्या मूळ रचनेशी कितपत जुळतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पॅरिसच्या ओस्टर्लिट्झ रेल्वेस्थानकाचा जुना मालधक्का या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे आद्य प्रवर्तक यूजेन फ्रेसिने यांनी तो १९२७ ते १९२९ या काळात बांधला. त्याची लांबी सुमारे ३१० मीटर असून त्यावर काँक्रीटची पातळ कमानदार छते आहेत. मालाची हलवाहलव सुलभ व्हावी म्हणून आतील जागा विस्तीर्ण व मोकळी ठेवलेली होती.

२००६ मध्ये तेथील मालवाहतूक थांबली आणि वास्तूवर पाडकामाचे संकट ओढवले. २०१२ मध्ये मात्र तिला ऐतिहासिक वास्तू म्हणून कायद्याचे संरक्षण लाभले. पुढे वास्तुशिल्पज्ञ जाँ-मिशेल विल्मोत यांच्या आराखड्यानुसार तिचे रूपांतर झाले व २०१७ मध्ये तेथे ‘स्टेशन एफ’ हे नवोद्योगांचे सामायिक कार्यस्थान सुरू झाले. सुमारे ३,००० जणांच्या बैठकीची तेथे सोय आहे. सभांच्या खोल्या मालपेट्यांच्या आकाराच्या असून त्या मूळ सांगाड्याच्या आत स्वतंत्रपणे बसविलेल्या आहेत.

मालासाठी राखलेला मोकळेपणाच येथे माणसांच्या उपयोगी पडला. तथापि कायद्याचे संरक्षण आधी लाभले, उपयोग मागाहून सुचला, हा क्रम विसरता येणार नाही.