बिट डेप्थ (छायाचित्र संपादन)

डिजिटल छायाचित्रातील प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या व निळ्या घटकाची नोंद जितक्या बिटांत होते, त्या संख्येस बिट डेप्थ म्हणतात. ८ बिटांत प्रत्येक घटकाच्या २५६ पायऱ्या मिळतात, १६ बिटांत ६५,५३६. लेयरवर लेयर चढवून उजळपणा पुनःपुन्हा बदलल्यास ८ बिटांच्या पायऱ्या विरळ होतात व निरभ्र आकाशात पट्टे उमटतात. गमावलेल्या छटा नंतर १६ बिटांत रूपांतर करूनही परत येत नाहीत. म्हणून रॉ छायाचित्र आरंभीच १६ बिटांत उघडणे श्रेयस्कर. मात्र मेमरी दुप्पट लागते: २.४ कोटी पिक्सेलच्या एका लेयरला ७२ऐवजी १४४ मेगाबाइट. किरकोळ कातरकामास ८ बिट पुरतात. जेपेगसाठी ८ बिटांत रूपांतर सर्व लेयर एकत्र केल्यावरच करावे, अन्यथा लेयरांची गणना ८ बिटांत होऊन पट्टे पुन्हा दिसू शकतात.