पावसची प्रौढशाळा

रत्नागिरीजवळच्या पावसला येणारे बहुतेक जण स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेऊन परततात. स्वामींच्या आयुष्याची शिक्षणाची बाजू त्यात मागे पडते. स्वामी म्हणजे रामचंद्र विष्णू गोडबोले (१९०३–१९७४), हे आधी असहकाराच्या लाटेतले तरुण. गावात राष्ट्रीय शिक्षणासाठी त्यांनी स्वावलंबनाश्रम काढला, सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. पुढे त्यांनी ‘अभंग ज्ञानेश्वरी’ रचली. तेराव्या शतकातल्या ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्यांची भाषा आज भल्याभल्यांना अडते. ती सोप्या मराठीत आणणे हे माझ्या मते प्रौढ शिक्षणाचेच काम होते. मोठ्या माणसाला बालवर्गाचे पुस्तक न देता त्याच्या तोलाचा विषय त्यांनी त्याला कळेल अशा शब्दांत दिला.

साक्षरतेच्या मोहिमा इथेच कमी पडतात. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. चाकरमानी मुंबईला, घर-शेती-बँक बाईच्या माथी. साक्षरता मात्र ८२ टक्क्यांच्या आसपास, आणि स्त्रियांची पुरुषांहून बरीच खाली. अशा बाईला भात लावणीच्या दिवसांत वर्गाला बोलावले तर ती येणार नाही, यात तिची अनास्था कसली? पोथीला, भजनाला मात्र ती वेळ काढते, कारण ती वेळ वाडीने मिळून ठरवलेली असते. म्हणून वर्ग देवळातल्या पोथी-भजनालाच जोडावा.

कुणी म्हणेल, पोथी ऐकून पैसे काढण्याची स्लिप भरता येत नाही. खरेच आहे, श्रवण म्हणजे साक्षरता नव्हे. पण पाठ असलेला अभंग छापील ओळीवर बोट ठेवून वाचायला लावला, तर अक्षर ओळखीचे होते. सही, बसची पाटी, सातबारा हे त्यानंतर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आहे, आणि देवळाच्या पायरीवर जातीचा इतिहासही आहे. रत्नागिरीत सर्वांसाठी पतितपावन मंदिर १९३१ साली मुद्दाम बांधावे लागले, ते उगीच नव्हे. म्हणून देवळाकडून वेळ आणि गोडी घ्यावी, जागा शाळेची किंवा वाचनालयाची असावी, आणि वाचायला ज्याला जे पाठ आहे ते. मुरबाडजवळच्या फांगणे गावात २०१६ साली आजीबाईंची शाळा निघाली, तीही आज्यांना पोथी वाचायची होती म्हणूनच. केंद्राची ‘उल्हास’ साक्षरता योजना पंधरा वर्षांपुढच्या सर्व निरक्षरांसाठी आहेच. पावसच्या आसपासच्या ग्रामपंचायतींनी वर्गाची वेळ कार्यालयात न ठरवता वाडीतल्या बायकांना विचारून ठरवावी.