‘फ्रीडम’ आणि ‘लिबर्टी’ : एका मराठी शब्दामागचे दोन इंग्रजी शब्द

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘फ्रीडम’ हा शब्द पाहिला तर त्यापुढे ‘स्वातंत्र्य’ असा अर्थ दिलेला आढळतो. ‘लिबर्टी’ पाहिला तरी तोच अर्थ. पंधरा ऑगस्टच्या संदर्भात येणाऱ्या ‘इंडिपेंडन्स’लाही आपण स्वातंत्र्यच म्हणतो. त्यामुळे हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरावेत, अशी विद्यार्थ्यांची समजूत होणे स्वाभाविक आहे. त्यांपैकी ‘इंडिपेंडन्स’चे वेगळेपण चटकन ध्यानात येते. दुसऱ्या कोणाच्या अंमलाखाली किंवा आधारावर नसणे हा त्याचा रोख असतो. प्रश्न उरतो तो ‘फ्रीडम’ आणि ‘लिबर्टी’ या जोडीचा.

हा भेद केवळ इंग्रजीच्या पेपरापुरता नाही. कर्जाच्या कागदावर सही करताना, संविधान वाचताना, आणि कायद्याने दिलेले आपल्यापर्यंत प्रत्यक्षात किती पोहोचले हे तपासताना तो उपयोगी पडतो. म्हणून या लेखात त्याचा थोड्या विस्ताराने विचार करण्याचे योजले आहे.

शब्दांची कुळे

एकाच अर्थाचे दोन शब्द इंग्रजीत आले कसे, हे प्रथम पाहू. इ.स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर कित्येक पिढ्या दरबारात आणि न्यायदानात फ्रेंच भाषेचे वर्चस्व राहिले. शेतकरी व कारागीर मात्र आपली जुनी इंग्रजीच बोलत होते. पुढे हे दोन प्रवाह एकत्र मिसळले. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीसाठी एक घरचा आणि एक दरबारचा, अशा शब्दांच्या अनेक जोड्या तयार झाल्या. ‘आस्क’ घरचा, तर ‘इन्क्वायर’ दरबारचा. ‘बिगिन’ घरचा, तर ‘कमेन्स’ दरबारचा. आपल्याकडेही असे आहेच. आपण राहतो घरात, पण बँकेकडून घेतो ते गृहकर्ज. आपण पितो पाणी, पण पालिका चालवते ते जलशुद्धीकरण केंद्र. ‘फ्रीडम’ हा इंग्रजीचा घरचा शब्द आहे आणि ‘लिबर्टी’ हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला दरबारचा शब्द आहे.

‘फ्री’ या शब्दाचे नाते भाषाशास्त्रज्ञ आपल्या ‘प्रिय’ या शब्दाशी जोडतात. ‘फ्रेंड’, म्हणजे मित्र, हा शब्दही त्याच मुळातला. ‘प्रिय’ आणि ‘बंधनात नसलेला’ यांचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. त्याचा उलगडा असा सांगतात की, कुळातली जी आपली, जिव्हाळ्याची माणसे होती ती ‘फ्री’. कुळात राबणारे दास त्यात धरले जात नसत. लॅटिनमधील ‘लिबेर’ या शब्दाचा अर्थही दास नसलेला असाच होता आणि ‘लिबेरी’ म्हणजे घरातील मुले. पण रोममध्ये गुलामाला मुक्त करण्याचे रीतसर कायदेशीर मार्ग ठरलेले होते. त्यामुळे ‘लिबर्टी’च्या कुळाला कायद्याचा संबंध पहिल्यापासून आहे.

याच कुळातला एक शब्द आपल्या घराघरात वापरला जातो, तो म्हणजे ‘डिलिव्हरी’. त्याचे मूळ मुक्त करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. आपल्याकडेही बाळंतपण पार पडले की ‘बाई मोकळी झाली’ असेच म्हणतात. ‘लायब्ररी’ मात्र या कुळातली नाही; ती पुस्तक या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दापासून आली आहे. केवळ दिसण्यावरून शब्दांचे नाते ठरवू नये, हे विद्यार्थ्यांनी यावरून ध्यानात ठेवावे.

कर्जाच्या कागदातील दोन शब्द

आता अर्थभेदाकडे वळू. तो मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो बँकेच्या रोजच्या कागदपत्रांत. घर किंवा जमीन तारण ठेवताना कर्जदार लिहून देतो की, ही मिळकत ‘फ्री फ्रॉम ऑल एन्कम्ब्रन्सेस’ आहे. याचा अर्थ, मिळकतीवर कोणाचा बोजा नाही, ती निर्वेध आहे. त्याच कागदपत्रांत पुढे कोठे तरी असे कलम असते की, हप्ते थकल्यास अमुक एक गोष्ट करण्यास बँक ‘शॅल बी ॲट लिबर्टी’. याचा अर्थ, तसे करण्याची बँकेला मुभा राहील. ती गोष्ट म्हणजे तारण विकून वसुली करणे असेल, किंवा जामीनदाराच्या ठेवीतून रक्कम वळती करून घेणेही असेल.

या दोन वाक्यांत सगळा भेद आला आहे. ‘फ्री’ सांगतो की बंधन उरलेले नाही. ‘लिबर्टी’ सांगतो की एखादी गोष्ट करण्याची कायदेशीर मोकळीक आहे. पहिल्याला आपण विचारतो, कशापासून? दुसऱ्याला विचारतो, काय करण्याची? जामीनदार म्हणून सही करणाऱ्या माणसाने कागदात ‘लिबर्टी’ हा शब्द दिसला की थांबून पाहावे, ती कोणाला दिली आहे. बहुतेक वेळा ती सही करणाऱ्याला नसते, समोरच्याला असते.

इतर वाक्प्रयोगांतही हाच कल दिसतो. ‘शुगर फ्री’ म्हणजे साखर नसलेले, ‘ड्यूटी फ्री’ म्हणजे जकात नसलेले. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ६ जानेवारी १९४१ रोजी चार स्वातंत्र्यांचा उच्चार केला: भाषणाचे, उपासनेचे, अभावापासूनचे आणि भीतीपासूनचे. या चारही ठिकाणी त्यांनी ‘फ्रीडम’ हाच शब्द वापरला. शेवटच्या दोन ठिकाणी ‘लिबर्टी’ बसलाच नसता, कारण भूक किंवा भीती नसणे ही कोणी दिलेली मुभा नव्हे, ती एक स्थिती आहे. उलट, ‘लिबर्टी’ला मर्यादा गृहीत असते. ‘टेकिंग लिबर्टीज’ म्हणजे दिलेल्या मोकळिकीपलीकडे जाऊन सलगी करणे. मर्यादाच नसती तर ती ओलांडण्याचा प्रश्नही आला नसता.

मात्र ‘मुभा’ या मराठी शब्दाला एक उणीव आहे. मुभा कोणी तरी देतो आणि मनात आले की काढून घेतो. ‘लिबर्टी’ही एके काळी तशीच होती. इंग्लंडच्या राजाने शहरांना, सरदारांना आणि चर्चला सनदेने दिलेल्या सवलतींना अनेकवचनात ‘लिबर्टीज’ म्हणत. इ.स. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये अशा सवलतींना राजाकडून लेखी मान्यता मिळाली. पुढील शतकांत झगडे झाले, आणि राजाची मेहेरबानी म्हणून जे मिळत असे ते माणसाचा हक्क म्हणून मागितले जाऊ लागले. आज ‘सिव्हिल लिबर्टीज’ म्हणताना आपण मेहेरबानी मागत नसतो. नाकारली गेल्यास न्यायालयात जाऊन मिळवता येईल अशी वस्तू मागत असतो.

संविधानातील दोन्ही शब्द

आपल्या संविधानाच्या मूळ इंग्रजी मसुद्यात हे दोन्ही शब्द आहेत. उद्देशिकेत विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांच्या संदर्भात ‘लिबर्टी’ आहे. अनुच्छेद १९ ते २२ यांवरील शीर्षकात मात्र ‘फ्रीडम’ आहे, आणि भाषण व अभिव्यक्तीसाठीही तेथे ‘फ्रीडम’च आहे. म्हणजे अभिव्यक्तीसाठी एकदा एक शब्द, तर दुसऱ्यांदा दुसरा. तेव्हा या दोन शब्दांमध्ये पक्की भिंत आहे असे समजू नये. शेतांमध्ये बांध असतो तसा हा भेद आहे. तो दिसतो, पण माणसे तो ओलांडून ये-जा करतात.

परंतु याच बांधावरून एकदा मोठा वाद झाला. अनुच्छेद १९ मधील भाषण, सभा, संघटना, संचार, वास्तव्य व व्यवसाय ही स्वातंत्र्ये फक्त नागरिकांना आहेत. अनुच्छेद २१ मधील ‘पर्सनल लिबर्टी’, म्हणजे व्यक्तिगत स्वातंत्र्य, हे मात्र प्रत्येक व्यक्तीला आहे, मग ती नागरिक असो वा परकी. इ.स. १९५० मध्ये केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अटकेत ठेवण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे धरले की, ही दोन कलमे वेगवेगळी आहेत. कायद्याने स्थानबद्ध झालेल्या माणसाला संचाराच्या स्वातंत्र्याचा आधार घेता येणार नाही. दोन शब्द दोन कप्प्यांत बंद झाले, आणि माणूस तुरुंगातच राहिला.

हे कप्पे मोडण्याचा आरंभ ज्या खटल्यात झाला त्याचा संबंध आम्हा बँकवाल्यांशी आहे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याविरुद्ध रुस्तम कावसजी कूपर यांनी दाद मागितली. १९७० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, मूलभूत हक्क हे एकमेकांपासून तुटलेले कप्पे नव्हेत. तो कायदा रद्द झाला, लगेच नवा आला आणि राष्ट्रीयीकरण टिकले. पण निकालातील तत्त्वही टिकले. त्याच वाटेने पुढे जाऊन १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात न्यायालयाने ठरविले की, व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही. ती न्याय्य व वाजवी असली पाहिजे.

या दोन निकालांच्या मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने असे धरले की, त्या काळात बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ ची अंमलबजावणी आणीबाणीतही थांबविता येणार नाही अशी तरतूद केली, आणि १९७६ चा तो निकाल २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठासमोर आलेल्या पुट्टस्वामी खटल्यात चुकीचा ठरविण्यात आला. अनुच्छेद १९ ची स्वातंत्र्ये मात्र युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणाने आणीबाणी लागली तर स्थगित होऊ शकतात. मराठीत दोन्हीकडे ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द असल्यामुळे हा फरक वाचकाच्या नजरेतून सहज निसटतो.

एक असून दुसरे नसले तर

या दोहोंपैकी एक मिळाले म्हणजे दुसरे आपोआप मिळते, असे मात्र नाही. अमेरिकेत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. मुक्त झालेल्या गुलामांना ‘फ्रीडमेन’ म्हणत. त्यांच्या पायांतील बेडी तुटली होती. पण दक्षिणेतील राज्यांनी लगोलग ‘ब्लॅक कोड्स’ नावाचे कायदे करून त्यांच्या कामधंद्यावर आणि हिंडण्याफिरण्यावर बंधने घातली. मतदानात वर्णभेद करण्यास १८७० च्या दुरुस्तीने मनाई केली. तरी दक्षिणेत तो हक्क बहुतांशी कागदावरच राहिला, आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने त्याला खरे बळ आले. म्हणजे येथे ‘फ्रीडम’ आले होते, ‘लिबर्टी’ आली नव्हती.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाडचे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे ‘लिबर्टी’ कागदावर आलेली होती. तरीही भीतीपोटी तळ्याकडे कोणी फिरकू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, त्यानंतर लोकांवर हल्ला झाला, वाद न्यायालयात गेला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. मुभा आणि भीतीपासून मुक्तता यांच्यामध्ये केवढे अंतर असू शकते, हे या चौदा वर्षांवरून कळते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, ‘स्वातंत्र्य’ हा शब्द वाचाल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. कोणते बंधन गेले? आणि काय करण्याचा हक्क मिळाला, तो नाकारला गेल्यास दाद कोठे मागायची? पहिल्याचे उत्तर ‘फ्रीडम’ देतो, दुसऱ्याचे ‘लिबर्टी’. दोन्ही उत्तरे मिळाली तरच ते स्वातंत्र्य पुरे झाले असे समजावे.

शेवटी एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे वाटते. हक्काचा भंग झाला तर न्यायालय दाद देऊ शकते. पण शेजाऱ्याच्या मनातील दुरावा ते काढू शकत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून अलग करता येत नाहीत असे बजावले होते. ‘फ्री’ आणि ‘प्रिय’ हे शब्द एकाच मुळातले आहेत. फरक इतकाच की, पूर्वी आपल्या कुळातील माणूसच प्रिय मानला जाई आणि म्हणून तोच मुक्त असे. कुळाबाहेरच्या माणसालाही आपला मानणे, हे काम कोणत्याही कलमाने होणारे नाही. ते आपणा सर्वांनाच करावे लागणार आहे.