सामने संपल्यावर क्रीडागारांचे काय होते?

ऑलिंपिक अथवा आशियाई सामन्यांची वर्णने विद्यार्थी मोठ्या आवडीने वाचतात. विक्रम कोणी केला, पदके किती मिळाली, हे त्यांस तोंडपाठ असते. परंतु पंधरा-सोळा दिवसांच्या सोहळ्यासाठी उभारलेल्या त्या प्रचंड वास्तूंचे पुढे काय होते, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. वास्तविक नागरिकशास्त्राच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा होय. कारण या वास्तूंवर बहुधा जनतेचाच पैसा खर्च झालेला असतो.

बांधकामाचा खर्च एकदाच होतो, देखभालीचा मात्र दरसाल. तलावाचे पाणी नित्य गाळून शुद्ध करावे लागते. इमारत ओस पडली तरी पहारेकरी ठेवावाच लागतो. म्हणून सामन्यांनंतर तेथे रोज कोण येणार, हे पाया खोदण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

लंडन येथे २०१२ साली भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांसाठी बांधलेले जलतरण केंद्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. सामन्यांच्या वेळी तेथे सुमारे १७,५०० प्रेक्षकांची सोय होती. मात्र इमारतीच्या दोन्ही बाजूंस जोडलेली प्रेक्षागारे मुळातच तात्पुरती होती. सामने आटोपताच ती उतरविण्यात आली व सुमारे २,५०० आसने तेवढी राहिली. (किती आसने कमी झाली, हे गणिताच्या तासास मुलांकडून काढून घेता येईल.) २०१४ च्या मार्च महिन्यात केंद्र सर्वांस खुले झाले. जेथे जगातील अव्वल जलतरणपटू पोहले, तेथेच शाळकरी मुले आता पोहावयास शिकतात.

अथेन्स नगरीचा अनुभव निराळा आहे. २००४ च्या सामन्यांसाठी तेथील जुन्या विमानतळाच्या जागेवर बेसबॉल, सॉफ्टबॉल यांसारख्या खेळांची मैदाने तयार झाली. हे खेळ ग्रीसमध्ये फारसे खेळले जात नाहीत. साहजिकच प्रेक्षक गेले, खेळाडू गेले आणि मैदानांत तण माजले. तरी सारेच वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बॅडमिंटनच्या सभागृहाचे पुढे नाट्यगृह झाले. शिवाय १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी सज्ज केलेले संगमरवरी क्रीडागार २००४ सालीही मॅरॅथॉन शर्यतीच्या शेवटासाठी उपयोगी पडले.

आपल्या देशातही दिल्लीचे नॅशनल स्टेडियम १९५१ च्या पहिल्या आशियाई सामन्यांना उपयोगी पडले आणि २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांतील हॉकी तेथेच झाली. पुण्याजवळ बालेवाडीस १९९४ च्या राष्ट्रीय सामन्यांसाठी उभारलेले क्रीडासंकुल २००८ च्या युवा राष्ट्रकुल सामन्यांस कामी आले.

हा विषय समजावून देताना शिक्षकांनी शाळेचे मैदानच दाखवावे. केंद्रस्तरीय स्पर्धांसाठी उडीचा खड्डा खणला जातो, वाळू आणविली जाते; महिन्याभरात वाळू घट्ट बसते आणि कडेने गवत चढते. आठवड्यातून एकदा वरच्या वर्गातील मुलांकडून ती वाळू फावड्याने खालीवर करून घेतल्यास, तिच्यातील खडे व काचा वेचून काढल्यास, तोच खड्डा वर्षभर खेळाच्या तासास वापरता येतो.