प्रेशर वॉशर घेताय? आधी काम ठरवा, मग मशीन

आमच्या वस्तीतल्या तीन मुलांनी मागच्या वर्षी सफाईचा व्यवसाय सुरू केला. ऑनलाइन सेलमध्ये नऊ हजारांचं प्रेशर वॉशर घेतलं, व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात टाकली आणि पंधरा दिवसांत दोन बंगल्यांचं काम केलं. तिसरं काम एका सोसायटीच्या पार्किंगचं होतं. सकाळी नऊला मशीन लावलं, ते सलग दीड तास चाललं आणि जळका वास येऊन बंद पडलं. उरलेलं पार्किंग तिघांनी तारेच्या ब्रशने आणि फरशीच्या अ‍ॅसिडने घासलं. ठरलेली रक्कम तिघांत वाटली तेव्हा नाक्यावरच्या मजुरीपेक्षाही कमी पडली. वॉरंटी मागायला गेले तर दुकानदाराने पुस्तिका उघडून दाखवली: घरगुती वापरासाठी, व्यवसायासाठी नाही. बारीक अक्षरात होतं, पण होतं.

रविवारी विहारात हा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ काका चिडले. "झाडू हातातून सुटायला दोन पिढ्या गेल्या आणि तुम्ही पैसे देऊन परत विकत आणला," असं ते म्हणाले. त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि त्यासोबतची लाचारी सोडायला सांगितलं. १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की जात म्हणजे श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. महार वतन कायद्याने संपायला १९५८ उजाडलं. वतनाच्या कामात तीन गोष्टी नव्हत्या: दर ठरवण्याचा अधिकार, काम नाकारण्याचा अधिकार आणि वेळेचं बंधन. आजच्या सफाई व्यवसायात या तिन्ही गोष्टी आपल्या हातात असतील तर तो व्यवसाय. नसतील तर काका म्हणतात तेच खरं. त्या दिवशी पार्किंगमध्ये मुलं ब्रश घेऊन बसली, त्याचं कारण त्यांची जात नव्हती, चुकीचं मशीन होतं. म्हणून हा लेख मशीनबद्दल आहे.

दुकानात जाण्याआधी कोणतं काम करणार ते ठरवा. दुचाकी आणि गाड्या धुणं हे हलकं काम, त्याला ८० ते १०० बार दाब पुरतो. जास्त दाबाने रंग आणि स्टिकर निघतात. सोसायटीचं पार्किंग, गच्ची, कंपाउंडवरचं शेवाळ, दुकानासमोरची फरशी ही तासन्तास चालणारी कामं. गोठे आणि पोल्ट्री शेड धुवायला दाबापेक्षा पाणी जास्त लागतं. सोलर पॅनेलचं काम आलं तर प्रेशर वॉशर गाडीतच राहू द्या. जोराच्या झोताने पॅनेलच्या आत न दिसणाऱ्या भेगा पडू शकतात आणि मालकाची वॉरंटी जाऊ शकते. तिथे मऊ ब्रश आणि साधं पाणी बरं.

आता मशीनवरचे आकडे. 'बार' म्हणजे दाब. कुठे 'पीएसआय' लिहिलेलं असतं. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. दुसरा आकडा मिनिटाला किती लिटर पाणी फेकतं त्याचा. गिऱ्हाईक पहिला आकडा बघतं, धंदा दुसऱ्यावर चालतो. दाब मळ सुटा करतो, पण सुटलेला मळ वाहून न्यायला पाणीच लागतं. घरगुती मशीन मिनिटाला सहा-सात लिटर देतं. त्याने पार्किंग धुवायला घेतलं तर चिखल एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ढकलत बसावं लागतं.

खोक्यावरचा आकडा खरा की खोटा हे दुकानातच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर कळतं. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००. उत्तर किलोवॅटमध्ये येतं आणि पाण्याला किमान तेवढी शक्ती लागते. मोटरची शक्ती त्यापेक्षा थोडी जास्तच हवी, कारण पंपात काही वाया जाते. उदाहरणार्थ, ३ एचपी म्हणजे सुमारे २.२ किलोवॅटचं मशीन आहे आणि विक्रेता २०० बार, १५ लिटर सांगतो. गुणाकार ३०००, भागिले ६००, म्हणजे ५ किलोवॅट. २.२ ची मोटर ५ किलोवॅटचं काम करू शकत नाही. तेच मशीन १२० बारला ९ लिटर देतं असं कोणी म्हणालं तर उत्तर १.८ येतं, ते पटण्यासारखं आहे. शिवाय खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेक वेळा कमाल दाब; काम करतानाचा दाब वेगळा आणि कमी असतो. तोच विचारा.

नऊ हजारांच्या मशीनमध्ये युनिव्हर्सल मोटर असते. तिच्यात कार्बन ब्रश असतात, ती मिक्सरसारखी मोठ्याने ओरडते, वजनाला हलकी असते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तिला विश्रांती द्यावी लागते. घरची गाडी धुवायला ती उत्तम आहे. व्यवसायाला इंडक्शन मोटर हवी: जड, आवाज कमी, सलग काही तास चालणारी, जळलीच तर गल्लीतल्या रिवाइंडिंगवाल्याकडे दुरुस्त होणारी. पंपाचं डोकं पितळेचं आहे का ते बघा. प्लास्टिकचं किंवा पातळ अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर खारं, जड पाणी ते लवकर खातं. अशी व्यावसायिक सिंगल फेज मशीनं साधारण पंचवीस ते पंचेचाळीस हजारांच्या घरात मिळतात. थ्री फेजची मोठी मशीनं दमदार असतात, पण प्रत्येक गिऱ्हाइकाकडे थ्री फेज जोडणी नसते, म्हणून पहिलं मशीन सिंगल फेजच घ्यावं असं माझं मत आहे. पेट्रोलवर चालणारं मशीन वीज नसेल तिथे कामाचं, पण बेसमेंट पार्किंगमध्ये ते कधीही सुरू करू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विजेबद्दल आमच्या मुलांची दुसरी चूक सांगते. त्यांनी मांडववाल्याकडून पातळ वायरचं तीस मीटरचं एक्स्टेन्शन आणलं होतं. लांब आणि पातळ वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. ३ एचपीच्या मशीनला १६ अ‍ॅम्पिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची तांब्याची केबल आणि चालू स्थितीतलं अर्थिंग लागतं. ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी लावलेला स्वतःचा बोर्ड बनवून घ्या. पाय ओल्या फरशीवर आणि हातात विजेचं मशीन, अशा कामात त्या बोर्डाचा खर्च वाचवण्यात अर्थ नाही.

पाण्याचा हिशेब मराठवाड्यात राहणाऱ्यांना वेगळा सांगायला नको. मिनिटाला ९ लिटर म्हणजे तासाला ५४० लिटर. नळाची धार मशीनच्या गरजेपेक्षा कमी असेल तर पंप कोरडा ओढतो आणि सील जातात. बादली नळाखाली धरून ती किती वेळात भरते ते बघा, म्हणजे धार कळेल. धार कमी असेल तर मध्ये ड्रम ठेवा आणि ड्रममधून पाणी खेचू शकणारं मशीन घ्या. सगळी मशीनं तसं खेचत नाहीत. पाणी आत येतं तिथे जाळीचा फिल्टर हवाच. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत पार्किंग धुण्याचं काम मागायला जाऊ नये. मिळत नाही, आणि मिळालं तरी शेजारच्या वस्तीत हंड्यांची रांग लागलेली असताना ते करणं आपल्याला शोभत नाही. तेवढे दोन महिने कोरडी सफाई आणि गाड्यांची आतली सफाई करावी.

मशीनपेक्षा सर्व्हिस सेंटर आधी शोधा. सील किट, व्हॉल्व्ह, गन, होज पाइप हे सुटे भाग आपल्या शहरात मिळतात का, हे फोन करून विचारा. घरगुती मशीनसोबत आठ मीटरचा पाइप येतो. सोसायटीला किमान वीस मीटर लागतो. फिरता फ्लोअर क्लीनर, म्हणजे ताटासारखी चकती, शक्य झाली तर घ्याच. नुसत्या गनने फरशी धुतली की पट्टे उमटतात आणि सेक्रेटरी पैसे देताना नेमके तेच पट्टे दाखवतो. पंपाचं पहिलं तेल साधारण पन्नास तासांनी बदलतात, पुढचा हिशेब पुस्तिकेत असतो. ट्रिगर सोडून मशीन तसंच चालू ठेवलं तर तेच पाणी आत फिरून तापतं आणि सील वितळतात. चहाला जाताना बटण बंद करा.

नोझल रंगावर ओळखतात: लाल शून्य अंशाचं, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४०, काळं साबणाचं. लाल नोझल मी तर पेटीतूनच काढून ठेवायला सांगते. शंभर बारचा झोत कातडी फोडून आत शिरतो. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, आत पाणी आणि घाण पसरलेली असते. अशी जखम झाली तर हळद-मलम लावून घरी बसू नका, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा आणि प्रेशर मशीनचा झोत लागला असं स्पष्ट सांगा. गमबूट, चष्मा, हातमोजे मशीनच्या खर्चातच धरा. आणि अ‍ॅसिड व ब्लीचिंग एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

मशीन दारात आलं की लोक एक वेगळं काम हळूच पुढे करतात. "पार्किंग झालंच आहे, जरा सेप्टिक टँक पण बघा, आत उतरून झोत मारला की होईल." २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ ने गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करून घ्यायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गटारात मृत्यू झाला तर ३० लाख रुपये भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. पण आपण त्या भरपाईचे अर्जदार व्हायचं नाही आणि आपल्या कामगारालाही करायचं नाही. कोटेशनवरच छापून घ्या: सेप्टिक टँक, चेंबर, गटार यांत माणूस उतरणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं काम घेतलं तरी मशीन बाहेर, फक्त गन आत, झाकणं आधी उघडी आणि वर एक माणूस सतत उभा, एवढं पाळायचंच.

दर कसा काढायचा? समजा मशीन ४०,००० चं आहे, दोन वर्षं टिकलं आणि महिन्याला वीस दिवस काम मिळालं, तर ४८० दिवस होतात. दिवसाला ८३ रुपये नुसते मशीनचे. दुरुस्ती धरून १५० म्हणा. दोघांची मजुरी प्रत्येकी ७००, टेम्पो ५००, साबण आणि किरकोळ १५०. हे २,२०० झाले आणि यात नफा अजून आलेलाच नाही. कोणी दिवसाचं काम दोन हजारांत मागितलं तर तुम्ही त्याला दोनशे रुपये देऊन त्याचं पार्किंग धुताय. स्वतःची मजुरी हिशेबात न धरणं ही आपल्या मुलांची नेहमीची चूक.

भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज आहे, एका मशीनला ते पुरतं. गाडीसकट मोठा प्रकल्प असेल तर पीएमईजीपीत अनुसूचित जातीच्या अर्जदाराला शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के असं गणित आहे. अर्ज चालू आहेत का ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही एक चक्कर मारा. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे "तुम्ही धर्म बदललाय" असं टेबलावर कोणी म्हणालं तर परत फिरू नका, लेखी मागा. उद्यम नोंदणी मोफत आहे. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. या नोंदणीचा पुढे उपयोग होतो: केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांच्या खरेदीत २५ टक्के वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांचा, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा. सफाईच्या निविदा तिथे निघतात.

आमच्या तिघांनी जळलेलं मशीन भंगारात न घालता दुरुस्त करून घेतलं. आता ते फक्त दुचाकी धुवायला वापरतात. दुसरं मशीन ३ एचपीचं, इंडक्शन मोटरचं, अडतीस हजारांचं आहे. ते घ्यायला चिडलेले काकाही दुकानात सोबत आले होते. कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात होता.