किल्ली कोणाकडे?

दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक घरी एक खण असा निघतो की, तो रिकामा करावयास कोणी धजत नाही. देवळ्याच्या आमच्या घरातही तो आहे. यंदा मी पदर खोचून तो ओढला, तेव्हा त्यातून तीन जुने मोबाइल, बारीक पिनेचे, जाड पिनेचे, चपट्या तोंडाचे असे सात चार्जर आणि पिवळ्या पाकिटातली एक सीडी निघाली. "सगळे भंगारात देऊन टाक," असे आमच्या यांचे फर्मान सुटले. मोबाइल आणि चार्जर यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नव्हते. सीडी मात्र मी बाजूला ठेवली. त्या सीडीत माझी आजी होती.

२००३ साली एम. ए. करीत असताना मी आजीकडून जात्यावरची, हळदीची, गौराईची गाणी उतरून घेतली होती. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या आमच्या पट्ट्याला सारे 'कसमादे' म्हणतात. इथल्या जुन्या बायकांच्या तोंडी अहिराणी आणि मराठी अशा काही मिसळून गेल्या आहेत की, कोणता शब्द कोणाचा हे सांगणे कठीण. अशी १४२ गाणी मी नाशिकच्या एका डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतली. २००६ साली आजी गेली. वह्यांना वाळवी लागली. छापील प्रत एका स्नेह्यांनी वाचावयास नेली. ती नेली ती नेलीच. पण सीडी आहे ना, म्हणून मी निश्चिंत होते.

अलीकडच्या संगणकांना सीडीचे तोंडच नसते. तेव्हा एका ओळखीच्या घरचा जुना संगणक गाठला आणि फाइल उघडली. पाहते तो आजीच्या गाण्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग! मध्येच अवतरणचिन्हे, टोपी घातलेले 'ए', डोक्यावर टिंबे दिलेले 'ओ'. ज्या बाईला जन्मात इंग्रजीचे एक अक्षर ठाऊक नव्हते, ती माझ्याशी असल्या भाषेत बोलू लागली होती. मी दुकानाचा शोध घेतला. ते केव्हाच बंद झाले होते. ज्या प्रोग्रॅमवर मजकूर टाइप झाला तो नव्या संगणकावर चालत नाही, आणि जुन्यावर चालवावयाचा तर संगणकाच्या पाठीत खोचावयाचे एक छोटे 'लॉक' लागते, ते कोठे गेले कोणास ठाऊक. गाणी माझी, सीडी माझी, पैसे मी मोजलेले. आणि किल्ली मात्र भलत्याच्याच खिशात!

दोन तऱ्हेची यंत्रे

हे असे का झाले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमच्याकडच्या शेतकऱ्याचे डिझेल इंजिन बिघडले, तर तो गावच्या मिस्त्रीला बोलावतो. मिस्त्री चार पाने घेऊन येतो, इंजिन खोलतो, झिजलेला भाग बाजारातून आणवतो आणि संध्याकाळपर्यंत कांद्याला पाणी सुरू होते. इंजिन कोणाच्या कारखान्यातले, हा प्रश्न मध्ये येत नाही. यंत्राची ही एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा अशी की, यंत्र सुबक, देखणे, न कुरकुरता चालणारे. पण ते उघडण्याचा अधिकार बनवणाऱ्यापाशीच. घरगुती संगणकाच्या जन्मापासून या दोन तऱ्हांचे भांडण चालू आहे, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात एकाच घरात झाली.

१९७७ साली अॅपल कंपनीचा 'अॅपल टू' हा संगणक निघाला. त्याचे झाकण डब्याच्या झाकणासारखे उचलता येई आणि आत नवे भाग खोचण्यासाठी आठ खाचा होत्या. तो घडविणाऱ्या स्टीव्ह वॉझनियाकचा या खाचांसाठी आग्रह होता. त्याचा भागीदार स्टीव्ह जॉब्ज याला दोनच पुरेशा वाटत. पुढे १९८४ साली त्याच कंपनीचा 'मॅकिंटॉश' आला, तेव्हा जॉब्जचे म्हणणे खरे झाले. मॅकिंटॉश दिसावयास गोजिरा, वापरावयास सोपा. पण खाच एकही नाही, आणि पेटी उघडावयाची तर लांब दांड्याचा वेगळाच पाना हवा.

मधल्या काळात, १९८१ च्या ऑगस्टमध्ये, आयबीएम या बड्या कंपनीने आपला 'पीसी' बाजारात आणला होता. घाईने काम उरकावयाचे म्हणून तिने बाजारात मिळणारेच भाग वापरले आणि आतल्या जोडणीचे नकाशेही पुस्तकरूपाने विकावयास ठेवले. एकच लहानसा प्रोग्रॅम तेवढा तिच्या मालकीचा होता. कॉम्पॅक नावाच्या नव्या कंपनीने त्याची एक ओळही न चोरता, तेच काम करणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला, आणि १९८३ पासून आयबीएमशी जुळणारे तिचे संगणक विकले जाऊ लागले. पाठोपाठ साऱ्या जगात तसे संगणक बनू लागले.

त्याचा प्रसाद आपल्यालाही मिळाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन 'असेंबल्ड' संगणक जुळवून देणारी दुकाने उभी राहिली. मध्यमवर्गीयांच्या कितीतरी घरी पहिला संगणक आला तो असा, एकाचा पडदा, दुसऱ्याची कळपाटी, तिसऱ्याची पेटी घेऊन. तो देखणा नव्हता, पण परवडणारा होता. आणि बिघडला तर गल्लीतला मुलगा तो उघडू शकत होता. कित्येक मुलांचे शिक्षण आणि पुढे पोट त्या उघड्या पेटीवर चालले.

अक्षरांना लागलेले कुलूप

पेटी उघडी झाली, तरी त्यातली मराठी मात्र कुलूपबंदच राहिली. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा नेमून द्यावा लागतो. जुन्या फाँटात अशा जागा २५६, आणि त्यांवर आधीच इंग्रजी अक्षरे बसलेली. तेव्हा मराठी फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांना उठवून त्यांच्या पाटांवर आपली अक्षरे, काने, मात्रा बसविल्या. पंगत प्रत्येकाची निराळी. एकाच्या फाँटात जेथे 'क' बसला, तेथे दुसऱ्याच्या फाँटात 'म' असावयाचा. फाँट काढून घेतला की पाटावर पुन्हा मूळचा इंग्रज हजर! माझ्या सीडीत नेमके हेच झाले होते.

सर्वांसाठी एक संकेत नव्हता असे नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ सालीच भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरविले होते. पण डीटीपीवाल्यांना हवी होती सुबक छपाई. कागदावर मजकूर उमटला की काम झाले. वीस वर्षांनी ती फाइल कोणी उघडील, हा विचार कोण करणार? त्यांना तरी दोष कशाला द्या, तो मीही केला नव्हता.

त्याच १९९१ साली 'युनिकोड' या जागतिक मानकाची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःची १२८ घरे मिळाली. तेथे 'क' चा आकडा २३२५. तो देवळ्याच्या मोबाइलवर २३२५, मुंबईच्या कचेरीत २३२५ आणि अमेरिकेतल्या मराठी कुटुंबाच्या संगणकावरही २३२५. 'विंडोज २०००' बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट तर आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला. आकडे सर्वांसाठी खुले असल्याने अक्षरांना वळण देण्याचे कामही खुले झाले. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'मुक्ता' हा फाँट कोणीही विनामूल्य वापरावा असा करून दिला आहे. आज आपण मोबाइलवर मराठीत निरोप धाडतो आणि तो पलीकडे तसाच्या तसा वाचला जातो, यामागे हा खुलेपणा आहे.

हातातली बंद डबी

संगणकाच्या बाबतीत जे मिळाले, ते मोबाइलच्या बाबतीत हातचे निसटत आहे. पूर्वीच्या साध्या मोबाइलचे पाठचे झाकण नखाने निघे. बॅटरी आपली आपण बदलावयाची. परवा बसस्थानकाजवळच्या दुकानात आमची एक विद्यार्थिनी मोबाइल घेऊन उभी होती. बॅटरी उतरली होती, दोष तेवढाच. दुकानदार पोरगा म्हणाला, "मॅडम, बॅटरी टाकायला वेळ लागत नाही. पण हा गोंदाने चिकटवलाय. गरम करून उघडावा लागतो. डिस्प्ले गेला तर माझी जबाबदारी नाही." त्याचे वडील मोटारपंपाचे मिस्त्री. बाप उघडलेल्या यंत्राची हमी देत असे; मुलाला उघडण्याचीच हमी देता येत नाही. कसब कमी झालेले नाही, यंत्राने दार लावून घेतले आहे.

यावर कोणी म्हणेल, बंद असण्यात लाभही आहे. आहेच. घट्ट मिटलेल्या डबीत धूळपाणी शिरत नाही. दुकानातून पारखून आलेले अॅपच चालू द्यावयाचे, या नियमाने पुष्कळ भोळी माणसे वाचतात. लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडावी आणि बँकेतले पैसे जावेत, असे प्रकार अलीकडे आपल्या कानांवर येतातच. माझ्या सासूबाईंच्या मोबाइलला कुलूप आहे, याचा मला आनंदच वाटतो.

शिवाय 'खुले' अशी पाटी लावली म्हणजे सारे खुले असते असेही नाही. अँड्रॉइडचा गाभा खुला म्हणून प्रसिद्ध. तो उभा आहे १९९१ साली फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेल्या लिनक्सवर. तरीही अँड्रॉइडच्या बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केला म्हणून आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७ कोटींहून अधिक दंड केला, आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला.

तेव्हा प्रश्न कुलूप असावे की नसावे, हा नाही. आपल्या घरालाही कुलूप असतेच की! प्रश्न आहे किल्ली कोणाकडे, हा. कुलूप माझे आणि किल्लीही माझी, तर ते घर. किल्ली दुसऱ्याची, तर मी तेथे पाहुणी. ही जाणीव आता राज्यकर्त्यांनाही होऊ लागली आहे. युरोपीय संघात डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून नव्या मोबाइलना एकाच जातीचे चार्जिंगचे तोंड सक्तीचे झाले. आमच्या खणातले सात चार्जर त्या कायद्याची साक्ष देतील. आपल्याकडेही केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. आपण गिऱ्हाइकांनीही दुकानात दोन प्रश्न विचारावयास हरकत नाही: बॅटरी बदलून मिळेल का? आणि माझे फोटो, माझा मजकूर उद्या दुसऱ्या यंत्रावर नेता येईल का?

आत्याच्या ओट्यावर

आजीच्या गाण्यांचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. माझा एक जुना विद्यार्थी ती फाइल घेऊन गेला आणि दोन दिवसांनी परत आला. कोणा सज्जनाने त्या फाँटातली पंगत एकेक पाट तपासून लिहून काढली होती आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे साधन सर्वांसाठी फुकट ठेवले होते. मी त्याला ओळखत नाही, पण माझ्या आजीचे कुलूप त्याने उघडले.

सारे काही सरळ उतरले नाही. रफार भलत्याच अक्षरावर गेले, जोडाक्षरे फुटली. तो कागद घेऊन मी आत्याच्या ओट्यावर जाऊन बसले. मी अडखळत वाचावे आणि आत्याने डोळे मिटून पुढची ओळ म्हणावी, असे चार रविवार चालले. १४२ पैकी १३५ गाणी जुळली. सात ठिकाणी आत्याही थांबली. "हे तुझ्या आजीलाच ठाऊक, पोरी," ती म्हणाली.

ती सात गाणी मी तशीच, फुटक्या अक्षरांसह ठेवली आहेत. खण मात्र अजून रिकामा केलेला नाही.